अर्धाच छापलेला चावीवाला

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग प्रश्न: तुला माझ्या गोष्टी एकाएकी कशाला हव्यात?

तू चर्चचा पाळक झालास त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत तुझी किती पत्रं आली ते मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. आता एकदम दोन पानी पत्र, तब्येतीची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, आणि शेवटी हळूच, "आत्या, रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट लिहून पाठव ना." मी एकतीस वर्षं बस डेपोच्या हरवले-सापडले खात्यात खिडकीमागे बसले रे. जो माणूस आधी तब्येत विचारतो आणि मग छत्री मागतो, त्याची ती छत्री नसते.

तरी भावाचा मुलगा आहेस म्हणून एक देते. एकदा एक माणूस काळी छत्री मागायला आला. मूठ कसली विचारलं, लाकडी म्हणाला. काडी मोडलीय का, तर एक मोडलीय. सगळं बरोबर. मी वहीत नोंद केली, त्याची सही घेतली, छत्री दिली. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. छत्री खिडकीत ठेवून म्हणाला, "बाई, ही माझी नाही. माझीही अशीच होती, पण ही मूठ माझ्या हातात बसत नाही." सही केल्यावर परत आलेला एकतीस वर्षांतला तो एकच माणूस. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले. का रडले ते मला आजही सांगता येत नाही.

आता खरी बातमी. माझ्या स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता. परवा रविवारी उपासनेहून परत आले तर नळ गप्प. मी कोणाला बोलावलं नव्हतं. नळ आपोआप बिघडतात हे मी पाहिलंय, आपोआप दुरुस्त झालेला मात्र आजवर पाहिला नाही. आणि सोमवारी खाली उतरले तर जिन्याखालचा चावीवाला मला विचारतो, "बाई, नळ काय म्हणतोय?"

माझ्या नळाची त्याला काय खबर? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सलाम. गुडघ्यांची चौकशी खरीच होती, पण पकडला गेलो हे कबूल करतो.

त्याचं असं आहे की आमच्या चर्चच्या मंडळ्यांचं एक पाक्षिक निघतं. त्यात मला एक सदर दिलंय, रोजच्या गोष्टींमधून विश्वासाचा धडा शोधायचा. सोपं वाटतं ना? पहिले आठ अंक मी मुंग्या, मेणबत्ती, बी आणि शेजाऱ्याचं कुत्रं यांच्यावर काढले. कुत्र्यानंतर थोरले पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता जरा माणसांकडे या." म्हणून तुझी आठवण झाली. तुझ्या खिडकीसमोरून जितकी माणसं गेली असतील तितकी माझ्या प्रवचनांना आजवर आलेली नाहीत.

छत्रीची गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. आणि तुझा नळ! आत्या, तुला संशय येतोय, पण मला त्यात काही वेगळंच दिसतं. न मागता, न सांगता, आपण घरात नसताना कोणीतरी येऊन आपलं मोडलेलं नीट करून जातं. याला आम्ही कृपा म्हणतो. आपण मात्र दारामागे उभं राहून विचारत बसतो, आत कोण शिरलं होतं?

तो चावीवाला दिसतो कसा? दुकान कसं आहे? वय किती असेल? जरा सविस्तर लिही.

तुझा धाकट्या

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

चावीवाल्याचा चेहरा तुला कशाला हवा? कृपेला चेहरा लागतो का?

बरं, लिहिते. साठीचा असेल. डाव्या हाताचा अंगठा चपटा, कधीतरी साच्यात सापडलेला. दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा, आत दोन पावलं गेलं की डोकं आपटतं. भिंतीवर आकड्यांच्या रांगा, आकड्यांना कोऱ्या चाव्या, आणि घासायचं एक यंत्र. माणूस बोलतो कमी. मी जाता-येता उठून उभा राहतो. उगाच उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं.

आता ऐक. गेल्या रविवारी निघताना मी दाराच्या फटीत, खालच्या बाजूला, दोरा लावून गेले. डेपोत असताना बंद पेट्यांना लावायचो तसाच. परत आले तर दोरा तुटलेला. आत शिरून चमचे मोजले, सगळे जागेवर. तुझ्या आतोबांचं घड्याळ जागेवर. झोपायच्या खोलीतली खिडकी मात्र, जी ते गेल्यापासून नीट लागत नव्हती, ती बोटाने ढकलली की लागते. कडी नवी. काही नेणारा चोर मला कळतो. त्याला काय हवं ते माहीत असतं. हा काही न नेणारा कोण?

आणि एवढ्यावर थांबला नाही तो. गॅसवर चहाचं भांडं होतं, बूड काळं ठिक्कर, गॅस बंद. मी भांडं गॅसवर ठेवून बाहेर जाईन का? म्हणजे हा गृहस्थ माझ्या घरात बसून चहा करतो, आणि तोही धड करता येत नाही! चष्मा मला पावाच्या डब्यात सापडला. हे तर सरळ मला छळायला केलेलं आहे.

आता मुद्दा चावीचा. माझ्या दाराच्या चाव्या दोन. एक पर्समध्ये, दुसरी बटणांच्या डब्यात. डबा पाहिला, दुसरी नाही. मी कोणाला दिली असेन तर नोंद असणार, कारण माझ्या घरातून साधी वाटी शेजारी गेली तरी मी वहीत लिहून सही घेते. लोक हसतात, हसू देत. वही पहिल्या पानापासून तपासली. जानेवारीपासून चावीची एकही नोंद नाही. वहीत नाही म्हणजे मी दिली नाही. मी दिली नाही म्हणजे त्याने घेतली. जिन्याखाली बसून चाव्याच करतो, त्याला काय अवघड आहे?

तुला गोष्टी हव्या होत्या ना? एक राहिलीच, ही तुला कधी सांगितलेली नाही. एकदा एक माणूस काळी छत्री मागायला आला. सगळी उत्तरं बरोबर दिली, सही केली, छत्री घेऊन दारापर्यंत गेला, आणि परत आला. म्हणाला, मूठ माझ्या हातात बसत नाही. असे लोक आता राहिले नाहीत.

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

छत्रीची गोष्ट तू पुन्हा लिहिलीस. आधी वाटलं चुकून असेल, मग लक्षात आलं. काही गोष्टी एकदा सांगून पुरत नाहीत, ऐकणाऱ्याच्या मनात मुरायला त्या दुसऱ्यांदा सांगाव्या लागतात. रविवारी प्रवचनात मी ती मुद्दाम दोनदा सांगितली, तुझ्यासारखीच. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरचे एक आजोबा डोळे पुसत होते.

चावीवाल्याबद्दल माझी एक विनंती आहे. पोलिसांकडे जाऊ नकोस. त्याला काही बोलूही नकोस. साधारण मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत थांब. का ते विचारू नकोस, पण त्यानंतर तुला हे सगळं वेगळ्या नजरेने दिसेल असं मला मनापासून वाटतं.

दोरा मात्र लावू नकोस. अडखळून पडशील.

तुझा धाकट्या

१२ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद बाजूला ठेवते. आधी भांडण.

तुझ्या पत्रात "का ते विचारू नकोस" वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते सोमवारी कळलं. समोरची बेकरीवाली पिठाच्या हाताने तुमचं पाक्षिक घेऊन वर आली. आमच्या चर्चमध्येही तेच वाटतात. मी घेत नाही, अक्षर बारीक असतं. ती म्हणाली, "अहो, हे तुमचंच ना?" आणि मोठ्याने वाचायला लागली. निवृत्त आत्या, हरवलेल्या सामानाच्या खात्यातली. जिन्याखालचं तिरकं दुकान. चपट्या अंगठ्याचा चावीवाला. दोरा. कडी. करपलेलं भांडं. आणि शेवटी काय, तर "मग आत्याची चावी कोणाकडे होती? वाचकहो, विचार करा."

वाचकांनी विचार केला रे! बेकरीवालीने त्याच संध्याकाळी दुकानाचं कुलूप बदललं, आणि ते दुसऱ्या गल्लीतल्या माणसाकडून. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सने बदललं. शाळेच्या शिपायाने वर्षानुवर्षं त्याच्याकडे असलेला चाव्यांचा जुडगा मागून नेला. काल दिवसभरात त्याच्या यंत्राचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. एरवी माझ्या चहाच्या वेळेला तो आवाज असायचा, तर काल चहा घ्यायचा राहूनच गेला.

मला आधी बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटलं, मी वेडी नाही, सगळ्यांनाच तसं वाटतंय. त्या जोरावर मी मंगळवारी खाली उतरले. बेकरीवाली दारात उभी होती, अजून दोघीतिघी होत्या. मी सगळ्यांसमोर हात पुढे केला आणि म्हणाले, "माझी चावी द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फळीखालून एक डबी काढली, डबीतून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझीच चावी. निळा दोरा बांधलेली.

बेकरीवाली म्हणाली, "बघा!" मीही म्हणाले, "बघा!"

तो काहीच बोलला नाही. आणि धाकट्या, तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय. एकतीस वर्षं मी पकडलेली माणसं पाहिली. पकडला गेलेला माणूस बोलतो. बायकोचं आजारपण सांगतो, माझ्यावरच उलटतो, शपथा घेतो, देवाला मध्ये आणतो. गप्प बसलेला मी आजवर पाहिला नाही. हा का गप्प बसला?

त्याने महिनाअखेरीला दुकान सोडतो म्हणून घरमालकाला सांगितलंय. मी जिंकले. मग मला घास का जात नाही?

आत्या

१५ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला न विचारता छापलं ही माझी चूक, तिला काही सबब नाही. पण जे झालं ते कसं झालं ते सांगतो.

या सदराची पद्धत थोरल्या पाळकांनी घालून दिलेली आहे. एका अंकात गोष्ट सांगायची आणि प्रश्नावर सोडायची. धडा पुढच्या अंकात. मधले दोन आठवडे लोकांनी घरी विचार करावा, आपापसांत बोलावं. मेणबत्तीच्या वेळी ठीक होतं. मेणबत्तीचं दोन आठवड्यांत कोण काय वाकडं करणार? जिवंत माणूस असा अर्धा छापून दोन आठवडे रस्त्यावर उभा करून ठेवला तर त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मनातच आला नाही. मी धड्याच्या नादात होतो. मला शेवट माहीत होता, त्यामुळे लोकांना तो माहीत नाही हेच मी विसरलो.

दुसरा भाग २३ तारखेच्या अंकासाठी लिहून दिलेला आहे. त्यात चावीवाला निर्दोष आहे. त्यात मी लिहिलंय की न बोलावता येऊन मोडलेलं सांधणारा हात आपण ओळखत नाही आणि त्याच्यावरच आळ घेतो. पण आता त्याच्याकडे चावी निघाली! मग मी छापू काय? चोराला कृपा म्हणून छापलं तर मंडळी मला हसेल. न छापलं आणि तो चोर नसला तर मी एका माणसाचं अन्न तोडलं. खरं सांगू का आत्या, आता मलाही त्याचा संशय यायला लागलाय, आणि ते तुझ्याहून मला जास्त लाजिरवाणं आहे.

मी त्यालाच पत्र टाकलंय. दुकानाच्या पत्त्यावर. माफी मागितली आहे आणि सरळ विचारलंय.

धाकट्या

१९ मार्च

पाळकसाहेब,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

चावी बाईंनीच दिली. नोव्हेंबरात. वही घेऊन खाली आल्या, माझी सही घेतली. म्हणाल्या, नळ बघा, खिडकीची कडी बघा, दाराचं बिजागर बघा, सवडीने करा, पण रविवारी मी चर्चला असताना करा, मला ठोकाठोक सहन होत नाही. आणि म्हणाल्या, एक गॅसकडे तेवढं बघत जा. त्या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी कारण विचारलं नाही.

रविवारी मी वर जायचो. चार वेळा गॅस चालू होता. एकदा भांडं जळत होतं.

जानेवारीत त्या पहिल्यांदा विसरल्या. माझ्या घरात कोण शिरतं म्हणून विचारायला आल्या. मी म्हटलं, बाई, तुम्हीच तर चावी दिलीत, नोव्हेंबरात. त्या पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, म्हणजे मी विसरले? त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. माझी आई शेवटी तशी बघायची. अर्धा तास त्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या तर कालचंही आठवत नव्हतं, पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच चेहरा. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही.

मला वाटलं, मला चोर समजल्या तर चिडतील, दोरे लावतील, चमचे मोजतील. अंगात जोर राहील. ते पायरीवर बसणं वाईट.

मंगळवारी चावी मागितली तेव्हा चार बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बाईंना कसं सांगणार होतो की तुम्ही विसरलात? म्हणून दिली.

माझ्या धंद्यात एकदा लोकांच्या मनात आलं की संपलं. ३१ तारखेला मुलीकडे जातोय. तुमच्यावर राग नाही. पहिला भाग मी वाचला, लिहिलंय चांगलं. मी तुमच्या मंडळीतला नाही, दुसऱ्या भागाचं तुम्ही बघा. पण बाईंना हे कळवू नका. आणि गॅसकडे बघायला कोणीतरी ठेवा, लवकर. चावी आता माझ्याकडे नाही.

चावीवाला

२४ मार्च

प्रिय आत्या,

कालच्या अंकात माझ्या सदराची जागा कोरी गेली. धडा मी परत मागून घेतला. थोरले पाळक रागावले, मग मी त्यांना एक पत्र वाचायला दिलं, तेव्हा ते खुर्चीत बसले.

कोणाचं पत्र ते तू विचारशीलच. मला एका माणसाने तुला काही न सांगण्याची विनंती केली आहे. चार दिवस मी विचार करतोय. त्याचं ऐकावं तर तो एकतीसला निघून जातो, आणि तू जन्मभर त्याला चोर म्हणत राहतेस. न ऐकावं तर तुला दुखवतो. पण तुझ्याबद्दल मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. आयुष्यभर तू एकच काम केलंस, ज्याची वस्तू त्याला परत दिलीस. म्हणून तुझं तुला परत करतोय.

तू दर वर्षी एक जानेवारीला नवी वही सुरू करतेस. डेपोचीच पद्धत. जुनी फडक्यात बांधून कपाटावर टाकतेस. तू तपासलीस ती नवी वही. जुनी काढ. नोव्हेंबर बघ.

स्टुलावर चढू नकोस, नर्सला बोलाव. वाचताना तिला जवळ बसव. आणि तोवर गॅस लावू नकोस, बेकरीतून चहा मागव. मी पुढच्या गुरुवारी येतोय, आठ दिवस राहणार आहे. या वेळी मी तुला एकही धडा सांगणार नाही.

तुझा धाकट्या

२९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. या वेळी मागोमाग प्रश्न नाही.

तुझं पत्र काल सकाळी आलं. नर्सने वही काढून दिली. मी तिला जा म्हणाले, पण ती गेली नाही, दारात उभी राहिली. सोळा नोव्हेंबर. वस्तू: घराची चावी, एक, निळा दोरा. कोणास दिली: चावीवाला, जिन्याखाली. त्याची सही, वाकडी. माझी सही. आणि कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: नळ, खिडकी, बिजागर. गॅस. मी विसरू लागले आहे म्हणून.

धाकट्या, मला भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. वाटलं, हे अक्षर कोणीतरी नक्कल केलंय. नर्सच्या हातून भिंग मागवून घेतलं आणि तपासलं. माझंच आहे. "म" ची गाठ मी बंद करत नाही, लहानपणी बाई मारायच्या. म्हणजे नोव्हेंबरात मला माहीत होतं. मी स्वतःच्या हाताने बंदोबस्त केला होता, मग बंदोबस्तही विसरले, आणि ज्याच्यावर तो सोपवला त्यालाच चोर ठरवून बसले. त्यानेही ठरवू दिलं.

मी नर्सच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग तोंड धुतलं, बरी साडी नेसले आणि वही घेऊन खाली उतरले.

तो भिंतीवरचे आकडे काढत होता. यंत्र पोत्यात बांधून झालं होतं. मी उघडलेलं पान त्याच्यासमोर धरलं. त्याने पाहिलं आणि त्याचाच चेहरा उतरला. म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं? मी नका सांगू म्हटलं होतं."

मी म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही. मी लिहून ठेवलं होतं." मग बाकीचं त्याच्याकडूनच काढून घेतलं, चार वेळा चालू राहिलेला गॅस आणि जानेवारीत मी पायरीवर बसून राहिले होते तेही.

बेकरीवाली तिच्या दारात उभी होतीच. मी तिला हाक मारली. नर्सला म्हणाले, शिपायालाही बोलावून आण. सगळे आल्यावर मी ते पान मोठ्याने वाचलं, कारणाच्या रकान्यासकट. तिथे माझा आवाज फुटला, पण वाचलं. मग म्हणाले, "चावी याने घेतली नव्हती, मी दिली होती. मी विसरले. मी विसरते. चार रविवार याने माझा गॅस बंद केला, नाहीतर ही इमारत तुम्हाला दिसली नसती." बेकरीवाली खाली बघत होती. बघू दे.

मी त्याच्याकडून एक आकडा मागून घेतला आणि भिंतीवर परत ठोकायला लावला, आत नाही, बाहेर दर्शनी. डेपोतलं एक पुठ्ठ्याचं लेबल माझ्याकडे होतं. त्यावर लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरची, हरवले-सापडलेवाली. सहीनिशी दिली." निळ्या दोऱ्यात ओवलं आणि चावी त्या आकड्याला टांगली. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. मी कोणावर विश्वास ठेवत नाही हे या गल्लीत लहान पोरांनाही माहीत आहे. त्यांना आता ती रोज दिसेल. नव्या वहीत नोंद केली, त्याची सही घेतली.

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, उद्या आठवेल का?"

"नाही आठवलं तर वर जाऊन वही दाखवा," मी म्हणाले. "माझा चेहरा कसा होतो ते बघू नका. होऊ दे. थोडा वेळ बसेन आणि उठेन."

संध्याकाळी यंत्राचा आवाज आला. शिपायाने जुडगा परत आणून दिला. बेकरीवाली अजून आलेली नाही, पण तिने त्याच्याकडे पाव पाठवला. आज सकाळी यंत्र चालू आहे. मुलीकडे जायचं त्याने अजून रद्द केलेलं नाही, पण पोतं सोडलंय.

आता तुझं काम. हे सगळं छाप. एकाच अंकात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जागा कमी पडली तर मेणबत्तीवाल्याच्या जाहिरातीची घे. माझं विसरणंही छाप, लपवू नकोस. खाली धडा लिहू नकोस. तुला जो लिहायचाय तो मला माहीत आहे, दुसऱ्याचा आळ आपल्या अंगावर घेऊन गप्प राहिलेल्या प्रभूचा. लोकांनाही माहीत आहे, जन्मभर ऐकतात. आमच्या जिन्याखाली तो दोन महिने बसला होता आणि आम्ही ओळखला नाही, एवढंच त्यांना कळू दे.

आणि एक. हे पत्र छापून झालं की जपून ठेव. पुढे कधीतरी मी तुला लिहीन की खालचा चावीवाला माझ्या घरात शिरतो, चहा करतो, चष्मा लपवतो. लिहीन, मला माहीत आहे. तेव्हा मला समजावायला बसू नकोस, धडाही सांगू नकोस. तुझ्यावर माझा विश्वास बसायचा नाही. फक्त हे पत्र मला परत पाठव. अक्षर माझं आहे, ते मी ओळखेन.

पोचल्याची सही करून ठेव.

तुझी आत्या